राजा आर्थरचा धाकटा भाऊ

रिलीज एकदाचं बाहेर पडलं. दोन आठवडे मायामीतल्या क्लायंटच्या ऑफिसात खिडकी नसलेल्या खोलीत बसून मी बग मारत होतो. शनिवारी सकाळी उठलो तर लक्षात आलं की समुद्राच्या इतक्या जवळ असूनही समुद्र फक्त विमानातून उतरताना पाहिला होता. बायको-मुलगी आणि बाबा आदल्या रात्रीच येऊन पोचले होते. बाबा सध्या तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आहेत.

मायामीत आलेला माणूस साउथ बीचला जातो. तिथे जायची हौस आमच्या टीममधल्या पोरांनी आधीच भागवून घेतली होती, आणि बाबांना घेऊन तिथे जाण्यात काही राम नव्हता. (कारणं सांगत नाही, समजून घ्या :-)) दुसरा पर्याय एव्हरग्लेड्स, म्हणजे मगरी. बाबा म्हणाले, "मगरी काय बघायच्या? पाणी बघू." म्हणून बिस्केन नॅशनल पार्क.

खरं सांगतो, हे नाव मी त्याआधी ऐकलंसुद्धा नव्हतं. मायामीहून दक्षिणेला तासभर गाडी हाकली की होमस्टेड नावाचं गाव लागतं. तिथून पूर्वेला वळायचं आणि रस्ता संपेपर्यंत जायचं. रस्ता संपतो तिथे पार्किंग, एक इमारत आणि पुढे नुसतं पाणी. प्रवेशाचे पैसे नाहीत, गेटसुद्धा नाही. मुलीने विचारलं, "पार्क कुठेय?" प्रश्न बरोबर होता. या पार्काचं क्षेत्रफळ आहे १,७२,९७१ एकर, म्हणजे साधारण सातशे चौरस किलोमीटर, आणि त्यातलं ९५ टक्के पाणी! उरलेल्या पाच टक्क्यांत किनाऱ्याची कांदळवनाची पट्टी आणि खाडीपलीकडे ओळीने पडलेली छोटी छोटी बेटं. तिकडे बेटांना 'की' म्हणतात. किल्लीशी संबंध नाही, स्पॅनिश 'कायो'वरून आलेला शब्द आहे. बाबांनी पहिली पंधरा मिनिटं मला "कसली किल्ली?" विचारून भंडावलं, म्हणून तुम्हाला आधीच सांगून टाकतो.

तर आम्ही सहा जणांची छोटी बोट घेतली. खाडी ओलांडायला बराच वेळ लागतो, पण पाणी इतकं उथळ आणि स्वच्छ की खालचं गवत वाऱ्यावर हलल्यासारखं दिसतं. मागे वळून पाहिलं की दक्षिणेला टर्की पॉइंटचं अणुवीज केंद्र दिसतं, उत्तरेला धुक्यात मायामीच्या इमारतींच्या काड्या. आणि मध्ये काहीच नाही. पन्नासेक किलोमीटरच्या आत लाखो लोक राहतात, आणि इथे एक हॉटेल नाही की एक पूल नाही. आपल्या अलिबाग-मांडव्याकडे पाहिलेल्या माणसाला हे जरा संशयास्पदच वाटतं. समुद्रकिनारा, शहराजवळ, आणि मोकळा? कोणीतरी काहीतरी केलं असणार, त्याशिवाय असं होत नाही.

एलियट की आणि त्याच्या दक्षिणेची बेटं यांच्यामध्ये 'सीझर्स क्रीक' नावाचा पाण्याचा चिंचोळा पट्टा आहे. ब्लॅक सीझर नावाच्या एका चाच्याच्या दंतकथेवरून हे नाव पडलं. चाच्यांच्या गोष्टी सगळ्याच बोटवाल्यांकडे असतात, त्या सोडून देऊ. त्या क्रीकच्या काठी बोट थांबवून आमच्या कॅप्टनने एका बेटाकडे बोट दाखवलं. पॉर्गी की. पाण्यातून पाहिलं तर नुसती तिवरांची भिंत. "इथे सर लॅन्सलॉट राहायचे," तो म्हणाला.

मला वाटलं चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. संध्याकाळी हॉटेलवर आल्यावर मी जालावर शोधत बसलो आणि पहाटे दोन वाजता बायकोने लॅपटॉप मिटवला. जे मिळालं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण मराठीत हे कुठे वाचल्याचं आठवत नाही.

गोष्ट सुरू होते इस्रायल लाफायेत जोन्स या माणसापासून. जन्म १८५८, उत्तर कॅरोलायना. म्हणजे अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपायच्या सात वर्षं आधी, एका काळ्या घरात. हा माणूस १८९० च्या दशकात दक्षिण फ्लोरिडात उतरला. तेव्हा मायामी हे शहर नव्हतंच, रेल्वे तिथवर पोचली १८९६ मध्ये. कोकोनट ग्रोव्ह नावाच्या वस्तीत एक खाणावळवजा हॉटेल होतं, तिथे तो पडेल ते काम करायचा. तिथेच त्याची गाठ मोझेल ऑल्बरीशी पडली. ती बहामा बेटांवरची. त्यांनी लग्न केलं, आणि १८९७ मध्ये ३०० डॉलर देऊन पॉर्गी की नावाचं हे बेट विकत घेतलं.

अख्खं बेट! बाबांना सांगितलं तर त्यांनी ताबडतोब विचारलं, "पण पिकत काय होतं तिथे?" शेतकऱ्याचा प्रश्न. कारण जमीन म्हणजे प्रवाळाचा खडक. माती औषधालासुद्धा नाही. खडकाच्या खळग्यांमध्ये झाडांचा पालापाचोळा कुजून जो काही चिमूटभर काळा थर साचतो तेवढीच माती. गोडं पाणी नाही, पावसाचं साठवायचं. डास तर असे की संध्याकाळ झाल्यावर आमची बोटसुद्धा काठापासून लांब राहिली. अशा जागी या नवराबायकोने रान तोडून, जाळून, खळग्याखळग्यात रोपं लावली. अननस आणि लिंबं.

इथे बाबा एकदम सरसावून बसले. कारण आमच्या गुहागरकडच्या सड्यावर त्यांच्या आजोबांनी असंच केलं होतं. कातळात सुरुंग लावून खड्डे फोडायचे, खालून डोक्यावरून माती वाहून आणून भरायची आणि त्यात आंब्याचं कलम. पहिली चार वर्षं घागरीने पाणी. माती नसलेल्या जागी बाग करणं म्हणजे काय, हे मला वाचून कळलं, बाबांना हाडात माहीत होतं.

आणि लिंबाची तर वेगळीच गंमत आहे. अमेरिकेत 'की लाइम पाय' नावाचा गोड पदार्थ मोठ्या कौतुकाने खातात, फ्लोरिडाची ती शान आहे. त्यातलं हे की लाइम म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपलं कागदी लिंबू! तीच जात. आशियातून अरबांबरोबर पश्चिमेला गेलं, तिथून स्पॅनिश लोकांनी कॅरिबियन बेटांवर नेलं आणि तिथून ते फ्लोरिडाच्या बेटांवर रुजलं. लाइम, लेमन आणि लिंबू हे शब्दसुद्धा एकाच कुळातले. उलट अननस तिकडचा. दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणला आणि नावही त्यांच्याकडूनच घेतलं. म्हणजे इस्रायल जोन्सच्या त्या खडकाळ बेटावर आपलं लिंबू आणि त्यांचा अननस शेजारी शेजारी उभे होते. हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

जोन्स मंडळींनी पुढे शेजारच्या ओल्ड ऱ्होड्स कीवरही जमीन घेतली. १९११ मध्ये २१२ एकरांचं टॉटन की घेतलं, एकरी एक डॉलर दराने. त्यावर अननस लावले. एक काळ असा होता की फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सगळ्यात मोठ्या लिंबू-बागायतदारांमध्ये या कुटुंबाची गणना व्हायची. आणि मग १९२५ मध्ये, फ्लोरिडात जमिनीचा वेडा बाजार ऐन भरात असताना, इस्रायलने टॉटन की विकून टाकलं. किंमत अडीच लाख डॉलर. २१२ डॉलरची जमीन, चौदा वर्षांत जवळजवळ बाराशे पट! पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९२६ मध्ये, मायामीवर प्रचंड वादळ आदळलं आणि तो सगळा बाजार झोपला. टायमिंग बघा. आमच्या ऑफिसातले शेअरबाजारवाले इथे नतमस्तक झाले पाहिजेत.

हे सगळं कोणत्या काळात चाललं होतं ते लक्षात घ्या. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या माणसाला वेगळा डबा, वेगळी शाळा, वेगळा नळ. मायामीच्या किनाऱ्यावर काळ्यांनी पोहायचं नाही. १९४५ च्या मे महिन्यात काही काळे लोक मुद्दाम गोऱ्यांच्या बीचवर पाण्यात उतरले, 'करा अटक' म्हणून, आणि मग त्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनिया की नावाच्या बेटावर त्यांच्यासाठी वेगळा किनारा उघडण्यात आला. समुद्र सगळ्यांचा, पण पाय भिजवायला परवानगी. (हे वाचताना महाडचं तळं आठवल्याशिवाय राहत नाही.) आणि त्याच पाण्यात, थोडं दक्षिणेला, एका काळ्या कुटुंबाची मालकीची बेटं होती. तिथे त्यांना पोहायला कोणाला विचारावं लागत नव्हतं.

इस्रायल आणि मोझेलला दोन मुलगे झाले. थोरल्याचं नाव ठेवलं किंग आर्थर, धाकट्याचं सर लॅन्सलॉट. टोपणनावं नव्हेत, जन्मनावं! गोऱ्या माणसाने काळ्याला म्हाताऱ्या वयातही 'बॉय' म्हणून हाक मारायचा तो काळ, आणि यांनी पोरांच्या नावातच 'राजा' आणि 'सर' घालून ठेवलं. म्हणजे कोणीही हाक मारो, आदराने मारावी लागणार. हा माझा तर्क आहे बरं का. आईबापांना कदाचित नुसती राजा आर्थरची गोष्ट आवडत असेल. पण मला माझा तर्क सोडवत नाही.

१९३२ मध्ये इस्रायल गेला. मंदी, वादळं, पडलेले भाव, यांत लिंबांचा धंदाही हळूहळू बसला. दोघे भाऊ मासेमारीकडे वळले, आणि लॅन्सलॉट 'गाइड' झाला. क्रीकपलीकडे अ‍ॅडम्स की नावाच्या बेटावर १९२२ पासून कोकोलोबो के क्लब होता. मायामी बीच ज्याने वसवलं त्या कार्ल फिशरने तो श्रीमंत दोस्तांसाठी काढलेला. हार्डिंग, हूवर, जॉन्सन, निक्सन, असे चार राष्ट्राध्यक्ष त्या क्लबच्या पाहुण्यांमध्ये मोडतात. या बड्या लोकांना 'बोनफिश' पकडायचा असे. हा मासा म्हणजे चिवट प्रकरण, उथळ पाण्यात भुतासारखा फिरतो, दिसतच नाही. तो कुठे असेल हे लॅन्सलॉटइतकं कोणालाच कळत नसे. लहानपणापासून तेच पाणी पाहिलेलं. म्हणजे क्लबच्या सभासदांच्या पंगतीत ज्याला बसता आलं नसतं, त्याच्या बोटीत बसायला ते रांग लावायचे.

इथपर्यंतची गोष्ट एका जिद्दी कुटुंबाची. खरा तमाशा सुरू होतो १९६० नंतर.

मायामी फुगत चाललं होतं. की बिस्केनपर्यंत पूल झाला होता, तोच पुढे बेटाबेटांवरून खाली नेला तर या ओसाड खडकांचं सोनं होईल, हे जमीनमालकांच्या लक्षात आलं. पण कौंटी ऐकेना. मग त्यांनी शक्कल लढवली. १९६०-६१ च्या सुमारास ३३ बेटांचं मिळून चक्क एक शहर स्थापन केलं. नाव 'आयलँडिया'. नोंदलेले मतदार किती? अठरा. त्यातल्या बहुतेकांनी 'हो' म्हटलं, झालं शहर! रस्ता नाही, वीज नाही, नळ नाही, पण नगरपालिका आहे. आपल्याकडेही कागदावरच्या वसाहती पुष्कळ पाहिल्यात, पण ही कडी होती.

१९६२ मध्ये दुसरा बॉम्ब पडला. डॅनियल लडविग नावाचा जहाजमालक, त्या काळातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक. त्याला होमस्टेडच्या किनाऱ्यावर 'सीडेड' नावाचं औद्योगिक बंदर हवं होतं. तेलशुद्धीकरण कारखाना, आणि मोठी जहाजं यावीत म्हणून खाडीच्या तळातून खणलेला चाळीस फूट खोल कालवा. जिथे आम्हाला गुडघाभर पाण्यात गवत हलताना दिसलं, त्या खाडीतून! गावात नोकऱ्या येणार, पैसा येणार. विरोध करणारा तो विकासाचा शत्रू. ओळखीचं वाटतंय ना?

विरोधात उभे राहिलेले लोक तसे किरकोळच. लॉइड मिलर हा एका विमान कंपनीत नोकरी करणारा हौशी मासेमार. हुआनिता ग्रीन ही मायामी हेरल्डची बातमीदार. आर्ट मार्शल हा सरकारी खात्यातला जीवशास्त्रज्ञ. माझं लक्ष खिळलं ते मिलरवर, कारण तो आपल्यासारखाच नोकरदार. सोमवार ते शुक्रवार कामाला, आणि उरलेल्या वेळात बैठका, पत्रकं, सुनावण्या. त्याच्या घरच्या कुत्र्याला कोणीतरी विष घालून मारलं. यावरून प्रकरण किती तापलं होतं ते कळतं. मी त्याच्या जागी असतो तर? कुत्र्यानंतर थांबलो असतो बहुतेक. खोटं कशाला बोलू.

मग या लोकांना एक पैसेवाला मिळाला. हर्बर्ट हूवर धाकटा. राष्ट्राध्यक्ष हूवरशी घोटाळा करू नका, हा व्हॅक्यूम क्लीनरवाला हूवर. घरोघरच्या गालिच्यांतली धूळ ओढणाऱ्या कंपनीचा मालक. त्याच्या बालपणीच्या आठवणी या खाडीशी जोडलेल्या होत्या. त्याने राजकारण्यांना हवेत तरंगणाऱ्या ब्लिंपमध्ये बसवून वरून खाडी दाखवली. एकदा वरून तो निळा-हिरवा पसारा पाहिला की तेलाच्या कारखान्याला हात वर करणं जरा जड जात असणार. खासदार डान्टे फॅसेल यांनी काँग्रेसमध्ये विधेयक लावून धरलं. किनाऱ्यावरच्या त्या इमारतीला आज त्यांचंच नाव आहे.

पारडं फिरतंय हे आयलँडियावाल्यांना दिसलं तेव्हा त्यांनी जे केलं ते वाचून मी दोनदा डोळे चोळले. १९६८ मध्ये त्यांनी एलियट कीवर बुलडोझर आणले आणि बेटाच्या बरोबर मधोमध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सहा पदरी रस्त्याच्या रुंदीचं जंगल सपाट केलं. लांबी सात मैल. रस्ता कुठून कुठे जातो? कुठूनच नाही, कुठेच नाही. त्यावर धावायला गाडी नाही, बेटाला पूल नाही. हेतू एकच: इथे राखण्यासारखं काही उरलंच नाही असं दाखवायचं. कागदोपत्री नाव 'एलियट की बुलेव्हार्ड', पण सगळ्यांच्या तोंडी 'स्पाइट हायवे'. खुन्नस महामार्ग म्हणा ना! शेजाऱ्याला मिळू नये म्हणून आपल्याच विहिरीत घाण टाकणारे लोक गावोगाव असतात. सात मैल लांबीची खुन्नस मात्र प्रथमच पाहिली.

तरीही १८ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी विधेयकावर सही केली. बिस्केन राष्ट्रीय स्मारक झालं, आणि पुढे २८ जून १९८० ला नॅशनल पार्क. ज्या जॉन्सनला या पाण्याची ओळख कोकोलोबो क्लबमुळे झालेली, त्याचीच सही. क्लबची बडी पाहुणेमंडळी अशी कामाला आली म्हणायची.

आता पुन्हा लॅन्सलॉटकडे येऊ. किंग आर्थर १९६६ मध्ये वारला होता. बेटांवरच्या मोठ्या जमीनमालकांमध्ये जोन्स कुटुंबाची गणना होत होती. आयलँडियावाले त्याला शेजारी आणि भागीदारच समजत असणार. पूल आला असता तर त्याच्या जमिनीची किंमत काय झाली असती याचा हिशोब करायला टॉटन कीचं उदाहरण घरातच होतं. आणि तरी त्याने बिल्डरांना जमीन दिली नाही. १९७० मध्ये ती त्याने नॅशनल पार्क सर्व्हिसला विकली, साधारण पावणेतेरा लाख डॉलरला. अट एकच, मरेपर्यंत पॉर्गी कीवर राहायचा हक्क.

म्हणजे त्याने फुकट दान केलं नाही, हे नीट लक्षात घ्या. आपल्याकडे अशा माणसाला लगेच संत करून टाकतात. हा संत नव्हता. त्याने व्यवस्थित किंमत घेतली, आणि का घेऊ नये? बापाने ३०० डॉलर मोजले होते, अंगावर डास झेलले होते. फक्त गिऱ्हाईक कोण असावं ते त्याने निवडलं. मला यात त्यागापेक्षा मालकपण जास्त दिसतं. विकायची की नाही, कोणाला आणि कशासाठी, हे ठरवणारा तो मालक. त्याच्या बापाच्या पिढीतल्या किती काळ्या माणसांना हे ठरवता आलं असेल?

पुढची वीसेक वर्षं तो तिथेच राहिला. १९८२ मध्ये बापाच्या काळचं घर जळलं, तर लहानशा झोपडीवजा घरात राहू लागला. शाळेच्या सहलींतल्या पोरांना पाण्यातले स्पंज आणि खेकडे दाखवायचा. वय ऐंशीच्या पुढे. ऑगस्ट १९९२ मध्ये 'अँड्र्यू' वादळ येतंय म्हणून पार्कच्या माणसांनी त्याला किनाऱ्यावर आणलं. २४ तारखेला पहाटे ते वादळ जमिनीला पहिल्यांदा टेकलं ते एलियट कीवरच, आणि मग होमस्टेड भुईसपाट झालं. लॅन्सलॉट मायामीतच राहिला, बेटावर राहायला परत गेला नाही. १९९७ च्या डिसेंबरात गेला, तेव्हा वय ९९.

आणि आयलँडिया? ते शहर कागदावर कितीतरी वर्षं जिवंत होतं. लोकसंख्या म्हणजे पार्कचे रेंजर आणि त्यांची कुटुंबं. २०१० च्या जनगणनेत १८ माणसं, सुरुवातीच्या मतदारांइतकीच! २०१२ मध्ये कौंटीने शेवटी ठराव करून ते शहर रद्द केलं.

त्या दिवशी दुपारी एलियट कीवर आम्ही उतरलो होतो. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. जेटीपासून आत गेलं की एक सरळसोट पायवाट लागते, दोन्ही बाजूंनी दाट रान आणि वरून फांद्यांची कमान. मी बायकोला म्हटलंसुद्धा, "काय सुंदर वाट काढलीय!" तोच तो खुन्नस महामार्ग. सहा पदरी रुंदी पन्नासेक वर्षांत जंगलाने गिळून टाकली, मधली पट्टी पायवाट म्हणून उरली. बेटावर मुख्य वाट म्हणून तीच आहे. श्कॉस स्वॅलोटेल नावाचं फार दुर्मीळ फुलपाखरू याच रानात टिकून आहे म्हणतात. आम्हाला दिसलं नाही. डास दिसले, आणि भरपूर दिसले. मुलगी पाव मैलावर रडायला लागली म्हणून मागे फिरलो.

पार्क झालं म्हणून सगळं आलबेल आहे असंही नाही. बेटं समुद्रापासून जेमतेम वर, पाणी चढतंय. २०१४ मध्ये मायामीजवळ प्रवाळांचा एक नवा रोग दिसला आणि तो सगळ्या फ्लोरिडाच्या प्रवाळांत पसरला. २०२३ च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की उरलेल्यातले कितीतरी प्रवाळ पांढरे पडले. बुलडोझरला थांबवता येतं, याला कोण थांबवणार.

परतताना होमस्टेडजवळ रस्त्याकडेच्या फळांच्या दुकानात थांबलो. तिथे जाळीच्या पिशवीत की लाइम होते. बाबांनी एक उचललं, नखाने साल खरवडली, वास घेतला आणि म्हणाले, "हे तर आपलंच रे." पिशवीवरचं लेबल मी वाचलं. मेक्सिकोहून आलेले. फ्लोरिडाच्या बेटांवर आता लिंबाच्या बागा नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी त्यांना लॅन्सलॉटची ही सगळी कहाणी सांगितली. शेवटपर्यंत ऐकून घेतली. गेले सहा महिने आमच्या सड्यावरच्या बागेसाठी एक एजंट काकांच्या मागे लागलाय. काकांची सही तयार आहे, बाबांची बाकी आहे. त्यावर आमच्यात कधी नीट बोलणं झालेलं नव्हतं. मी इकडे, माझं मत काय असणार, या विचाराने त्यांनी विचारलं नव्हतं आणि मीही काढलं नव्हतं.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं.

"त्याने पैसे किती घेतले म्हणालास?"

"पावणेतेरा लाख डॉलर."

"आणि राहायचा हक्क मरेपर्यंत."

"हो."

त्यांनी कप खाली ठेवला. "काकाला फोन लाव," म्हणाले, "एजंटाला म्हणावं, गिऱ्हाईक कोण आहे ते आधी कळू दे. नाव सांगत नाही तोवर सही नाही."

तिकडे संध्याकाळचे साडेसहा झाले होते. फोन लावला. काका देवळात गेले होते, काकू म्हणाल्या उद्या करा.